गॅसवाल्याचं कुत्रं

२ जुलै, मंगळवार. सकाळ.
वहीबाई, माफी असावी. वीस जूनपासून रोज लिहीन असं ठरवलं होतं, आज बारा दिवस उशीर झाला. कारणं तीन. एक, ऐन हिवाळ्यातली थंडी. दोन, चष्मा सापडत नव्हता. तीन, पहिली वही बोतोनने खाल्ली. चष्म्याची एक काडीही खाल्ली. तेव्हा या उशिराला मी एकटा जबाबदार नाही.

बोतोन म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. दोन महिन्यांचं, मातकट, एक कान उभा, एक पडलेला. माझ्या मुलीने, यास्नाने दिलं. प्रेमाने नाही, अटीवर.

झालं असं की मे महिन्यात मी जिन्यावर पडलो. चिलीत, वाल्पाराइसोत टेकडीवर राहणारा माणूस कधीतरी जिन्यावर पडणारच. आमच्या जिन्याला एकशे त्रेसष्ट पायऱ्या. एकेचाळीस वर्षं खांद्यावर गॅसचा सिलिंडर घेऊन मी त्या चढलो, तेव्हा नाही पडलो. रिटायर झाल्यावर, हातात पावाची पिशवी असताना पडलो. मनगट मुरगळलं, एवढंच. पण यास्ना उत्तरेतून, आंतोफागास्ताहून, दोन दिवस गाडी हाकत आली आणि म्हणाली, पप्पा, पुरे झालं, माझ्याकडे चला. अकरावा मजला आहे, लिफ्ट आहे, तुमची खोली तयार आहे. मी म्हणालो, मी काय पिंजऱ्यातला पोपट आहे का? बरंच वाजलं. शेवटी तिने अट घातली. हे पिल्लू घ्या, न मारता, न ओरडता वाढवा. सप्टेंबरच्या राष्ट्रीय सणाला मी येईन. भर रस्त्यात बोलावल्यावर ते तुमच्याकडे आलं, तर मी समजेन की तुम्ही स्वतःलाही सांभाळू शकता. पुन्हा विषय काढणार नाही. नाही आलं, तर माझ्या गाडीत बसायचं.

अडीच महिने आणि एक कुत्रं. मी गॅसच्या धंद्यात बावीस माणसं तयार केली. कुत्रं म्हणजे काय!

३ जुलै, बुधवार.
लस टोचणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एक छापील कागद दिलाय. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण वाचतो ते दोनदा वाचतो. वर लिहिलंय ‘पॉझिटिव्ह पद्धत’, आणि खाली: कुत्र्याला मारायचं नाही. चुकलं तर लक्ष द्यायचं नाही. बरोबर केलं की त्याच क्षणी एक ठरलेला आवाज करायचा आणि लगेच खाऊ द्यायचा. आवाज दरवेळी तोच. मग त्याच्या डोक्यात पक्कं बसतं की हा आवाज म्हणजे खाऊ.

आवाजासाठी प्लास्टिकची टिकटिकी मिळते म्हणे. मला हसू आलं. माझ्याकडे रिकामा सिलिंडर आहे आणि लोखंडी पाना आहे. टण्-टण्, टणाण्! गाडी आल्याची वर्दी म्हणून हा ठेका मीच बसवला. प्रत्येक कंपनीच्या गाडीचा ठेका वेगळा. आमचा कानावर पडला की बाई न्हाणीघरातूनसुद्धा ओळखते, कुणाचा गॅस आला ते.

महिन्याभरात काम होईल. उरलेल्या दिवसांत काय करायचं हे ठरवावं लागेल.

५ जुलै, शुक्रवार. सकाळी सात.
पहिला क्लास, घरापासून बावीस पायऱ्या खाली, जिन्याच्या वळणावर. बोतोन आपणहून बसला (दमला होता). मी लगेच टण्-टण्, टणाण्. पाना ठेवून खिशातलं चीज काढेपर्यंत जिन्यावरची पाच दारं उघडली. समोरच्या घरातल्या उबेर्लिंदाबाई गाऊनवर शाल गुंडाळून, आपला पंधरा किलोचा रिकामा सिलिंडर गडगडवत आल्या. गाडी कुठाय, म्हणाल्या. मी म्हणालो, गाडी नाही, कुत्र्याचा क्लास आहे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, रिटायर होऊन सात वर्षं झाली उस्ताद, अजून हात शिवशिवतात होय? आणि आता हा सिलिंडर वर कोण नेणार, तुमचं कुत्रं?

मीच नेला. बावीस पायऱ्या. मनगट ठणकतंय. तेवढ्यात बोतोनने सगळं चीज खाल्लं, कागदासकट.

निश्चय: सिलिंडरवर टॉवेल टाकायचा. हळू वाजवायचं.

१० जुलै, बुधवार.
प्रगती आहे. वाजवलं की दहापैकी आठ वेळा येतो. (मी दोन पावलांवर असतो आणि चीज दिसत असतं. पण सुरुवात अशीच करायची असते.)

घरात लघवी बारा वेळा. लक्ष देऊ नका असं कागदात आहे. अकरा वेळा मी लक्ष दिलं नाही. बाराव्या वेळी घसरलो.

उजव्या पायातली चप्पल गेली. खाऊचा तुकडा वाटाण्याएवढा हवा असं लिहिलंय. कुठल्या वाटाण्याएवढा, ते मात्र लिहिलेलं नाही. शिकलेल्या लोकांचं हे असंच.

१२ जुलै, शुक्रवार.
शंभर टक्के! एका तासात बोतोन तेवीस वेळा दाराबाहेर गेला, तेवीस वेळा मी वाजवलं, तेवीस वेळा तो परत आला, चीज खाल्लं आणि पुन्हा बाहेर गेला. इतका अभ्यासू विद्यार्थी मी पाहिलेला नाही. उबेर्लिंदाबाई खिडकीतून म्हणाल्या, छान शिकवलंय हो त्याने तुम्हाला! जळतात. त्यांच्या मांजराला काहीएक येत नाही.

यास्नाला फोन केला. म्हणालो, सप्टेंबरपर्यंत कशाला थांबतेस? ती म्हणाली, पप्पा, घरात नाही, रस्त्यात यायला हवा. घर काय आणि रस्ता काय! उद्या रस्ता.

१३ जुलै, शनिवार.
लिहायची इच्छा नाही.

१४ जुलै, रविवार.
लिहितो. काल अकराच्या सुमारास आम्ही दोघे दाराबाहेर पायरीवर बसलो होतो. खाली रस्त्यावर गॅसची गाडी आली. गाडीवर नीबाल्दो. माझ्याच हाताखाली तयार झालेला, आता पन्नाशी ओलांडलीय त्याने. त्याने सिलिंडर वाजवला. टण्-टण्, टणाण्. दुसरं काय वाजवणार? मीच शिकवलंय.

बोतोन उठला. एकदा माझ्या खिशाकडे पाहिलं, एकदा खाली. आणि सुटला. मी वरून टण्-टण् करतोय, नीबाल्दो खालून टण्-टण् करतोय, मधल्या बायकांना कळेना सिलिंडर वर न्यायचा की खाली.

नीबाल्दोने त्याला आपल्या पावातलं मांस दिलं. सगळं. अर्ध्या तासाने बोतोनला सिलिंडरसारखं खांद्यावर घालून वर आला आणि दारात म्हणाला, उस्ताद, भरलेला आणलाय, रिकामा द्या.

जिना हसला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. चूक नीबाल्दोची आहे. त्याचा शेवटचा ठोका लांबतो. कुत्र्याचा गोंधळ होणारच.

१८ जुलै, गुरुवार.
मंगळवारी गेला. आजही गेला. गाडी मंगळ, गुरू, शनी येते, आणि त्या दिवशी बोतोन सकाळपासून दारात ठाण मांडून असतो. म्हणजे त्याला वार कळायला लागले! कागदात वारांचं काही नाही. हे मी जास्तीचं शिकवलं.

फोनवर यास्नाला म्हणालो, ठरलेला आवाज झाला की कितीही लांब असू दे, एका दमात धावत जातो. यातला एक शब्द खोटा नाही. ती खूश झाली. मी मात्र फोन लवकर ठेवला.

२१ जुलै, रविवार.
नीबाल्दोच्या घरी गेलो. बोतोन बरोबर. म्हणालो, ठेका बदल. तो म्हणाला, कसा बदलू? शिकवताना अकरा आठवडे तुम्ही या बोटांवर पाना हाणलाय. शेवटचा ठोका चुकला की फाट्! आता हाताला दुसरं काही येतच नाही. बायकोच्या वाढदिवसाला टेबल वाजवलं तरी शेजारीण सिलिंडर घेऊन दारात.

त्याची बायको हसली. मग तो बोतोनकडे बघत म्हणाला, याला बरं चीज. मला एकदासुद्धा चीज मिळालं नाही, उस्ताद.

मी म्हणालो, पण शिकलास ना?

शिकलो ना, म्हणाला. आणि बशीत चीज घातलेला पाव माझ्यापुढे ठेवला. खाल्ला, पण अर्धाच. पाव शिळा असणार.

३० जुलै, मंगळवार.
ठेका बदलत नाही, तर आवाज बदलू.
योजना दोन: शिट्टी. पुढचे दात नाहीत, नुसती हवा येते.
योजना तीन: कपावर चमचा. तीन दिवसांत शिकला. आता मी चहा ढवळला की टेबलावर चढतो. शिक्षण झालं, पण हे मागितलं नव्हतं.
योजना चार: नुसती नावाने हाक. बोतोन म्हटलं की माझ्याकडे बघतो, म्हणजे नाव ठाऊक आहे. येत नाही, म्हणजे स्वभाव ठाम आहे.
सकाळी सातचा सिलिंडरचा क्लास रोज चालूच आहे. आज गाडीबरोबर दोन तास होता.

११ ऑगस्ट, रविवार.
आजचा प्रकार नीट नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी तिखटमीठ लावायला नको. संध्याकाळच्या चहाचं सगळं टेबलावर मांडलं होतं. पाव, चीज आणि अख्खा अव्होकाडो कुस्करून. मी किटली आणायला गेलो. परत आलो तर टेबलावर बोतोन आणि बोतोनच्या पोटात चहाचं सगळं.

माझ्या हातात डावी चप्पल होती. चप्पल हातून सुटली. बोतोनच्या दिशेने सुटली, हा योगायोग. त्याला लागली नाही. उघड्या दारातून जाऊन उबेर्लिंदाबाईंच्या कुंडीला लागली. मी ओरडलोही नाही, मोठ्या आवाजात पॉझिटिव्ह बोललो.

पण तो पलंगाखाली गेला आणि बाहेर येईना. डोळे तेवढे दिसत होते. मग मी जमिनीवर बसून चीजचे तुकडे ओळीने मांडले, पलंगापासून माझ्या मांडीपर्यंत. बसल्या बसल्या नीबाल्दोची बोटं आठवत होती, कारण काही नाही. तासाभराने आला. मांडीत झोपला. पाय बधिर झाले तरी मी उठलो नाही. शांत वागण्याला बक्षीस द्यावं, असं कागदात आहे. तेवढ्यासाठीच.

२५ ऑगस्ट, रविवार.
बोतोन आता गुडघ्याएवढा आहे. शनिवारी गाडीच्या मागच्या बाजूला सिलिंडरांमध्ये उभा राहून पलीकडच्या टेकडीपर्यंत जातो, दुपारी परत येतो. मी याला प्रॅक्टिकल म्हणतो.

आज भाजीबाजारात कांदेवाली म्हणाली, अय्या, हे तर गॅसवाल्याचं कुत्रं! बरं वाटलं. म्हणालो, हो, माझंच. ती म्हणाली, तुमचं कसं, बाबा? नीबाल्दोचं ना ते?

कांदे न घेता परत आलो. एकेचाळीस वर्षं! या पाच टेकड्यांवर गॅसवाला म्हणजे कोण होतं, कुणालाही विचारा. म्हणजे, म्हाताऱ्या माणसांना विचारा.

निश्चय: उद्यापासून कडक प्रोग्राम. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास.

२८ ऑगस्ट, बुधवार.
गुडघा धरलाय. प्रोग्राम सोमवारपासून.

१ सप्टेंबर, रविवार.
यास्नाचा फोन. पंधराला येते. परीक्षा सतराला सकाळी दहा वाजता, जिन्याच्या पायथ्याशी, भर रस्त्यात. सणाच्या आधी निकाल लावून टाकू, म्हणाली.

मी म्हणालो, उत्तम. फोन ठेवून कॅलेंडर बघितलं. सतराला मंगळवार. गाडीचा वार.

बोतोन पायाशी झोपलाय. त्याला कसली काळजी! त्याला कोण अकराव्या मजल्यावर नेणार आहे?

५ सप्टेंबर, गुरुवार.
योजना सात. (पाच आणि सहा लिहिण्यासारख्या नव्हत्या.) गाडी थांबवून नीबाल्दोला म्हणालो, सतराला आमच्या टेकडीवर वाजवायचं नाही. गुपचूप यायचं, गुपचूप जायचं. त्याने डोक्याला हात लावला. उस्ताद, सणाच्या आदल्या दिवशी? घरोघरी भट्ट्या पेटतात त्या दिवशी? बायका मला चिरून एम्पानादाच्या करंज्यांत भरतील! मी म्हणालो, एकच दिवस. तो मान हलवतच राहिला.

मग मी म्हणालो, मेहरबानी कर. माझं घर जाईल रे.

त्याने पाना खाली ठेवला. म्हणाला, तीस वर्षांत हा शब्द तुमच्या तोंडून ऐकला नव्हता. ठीक आहे, मुका होऊन येतो.

म्हणजे पॉझिटिव्ह पद्धत माणसांनाही लागू पडते. डॉक्टरीणबाईंना कळवायला हवं, त्यांच्या कागदात हे नाही.

१५ सप्टेंबर, रविवार.
यास्ना आली. आल्या आल्या औषधाच्या गोळ्या मोजल्या. फ्रिज उघडला, म्हणाली, पप्पा, चीजशिवाय काहीच नाही? म्हणालो, अभ्यासाचं साहित्य आहे. दोन पायांत दोन तऱ्हेच्या चपला का, असं विचारलं. म्हणालो, घरातच तर असतो.

बोतोन तिच्यापुढे जाऊन बसला आणि पंजा पुढे केला. पंजा मी शिकवला नव्हता. हे गाडीवरचं शिक्षण. मी म्हणालो, हो, पंजाही घेतला कोर्समध्ये. ती त्याला कुरवाळत बसली. आमच्या मिरेयासारखी दिसते हसताना. अगदी आईवर गेलीय. तिची तिकडची खोली कितीही चांगली असली तरी तिची आई याच घरात वारली, म्हणून मला हे घर सुटत नाही, हे तिला कसं सांगायचं? सांगायची वेळच येऊ नये. परवा जिंकायचं.

१८ सप्टेंबर, बुधवार. सण.
खाली गिटार चालू आहे. कालचं लिहितो.

दहा वाजता यास्ना बोतोनला घेऊन पायथ्याशी, रस्त्यात उभी राहिली. गाड्या, माणसं, एक भटकं कुत्रंसुद्धा. मी तीस पायऱ्या वर, सिलिंडर आणि पाना घेऊन. टॉवेल काढला. रस्ता म्हणजे हळू वाजवून भागणार नाही. पूर्ण हाताने वाजवलं. टण्-टण्, टणाण्!

आला! रस्ता, माणसं, ते भटकं कुत्रं, कशाकडे बघितलं नाही. दोन्ही कान उभे, तीस पायऱ्या एका दमात, आणि माझ्या पायाशी येऊन बसला. यास्नाने खालून टाळ्या वाजवल्या. मी चीज दिलं. जिंकलो होतो.

इथेच थांबावं असं वाटतं. पण मग वरून जिना आला.

एक बाई नाही, पाच नाही. सगळा जिना. रिकामे सिलिंडर खांद्यावर, कडेवर, गडगडत. सव्वीस मोजले. आला एकदाचा, आला एकदाचा, असं म्हणत येत होते. गाडी कुठाय? मी पाना पाठीमागे लपवला. उबेर्लिंदाबाईंचे दोन्ही हात पिठाने भरलेले. म्हणाल्या, चाळीस एम्पानादा भट्टीत अर्धवट, आणि गॅस फुस्स! सकाळपासून कान लावून बसलोय, कंपनीचा फोन एंगेज. कुणीतरी नीबाल्दोलाच फोन लावला. त्याला खोटं बोलता येत नाही, हा त्याच्यातला जुना दोष. तो म्हणाला, मी नऊलाच येऊन गेलो. उस्तादांनी मुकं यायला सांगितलं होतं.

मग जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला चळ लागलाय. कुणी म्हणालं, याच्या डोक्यातलाच गॅस संपला. यास्ना वर येऊन सगळं ऐकत उभी होती. आणि बोतोन प्रत्येकापुढे बसून पंजा देत होता. लोक मला शिव्या देत होते आणि त्याला सारण.

माझा तोल गेला. ओरडलो. म्हणालो, घरासाठी केलं सगळं! या पोरीने अट घातली म्हणून! नाहीतर मला कुठे हवं होतं हे कुत्रं? पहिल्या दिवसापासून नको होतं! घेऊन जा त्याला! बोतोनने माझ्याकडे पाहिलं. पंजा अजून वरच होता.

मग उबेर्लिंदाबाई पिठाचे हात पुसत यास्नाला म्हणाल्या, पोरी, तू यांना नेणार असशील तर आधी आमचं ऐक. हा बाबा रोज सकाळी सातला टण्-टण् करतो. आधी आम्ही शिव्या घातल्या. आता सातला वाजलं की कळतं, उस्ताद उठले. नाही वाजलं तर कुणी जाऊन बघायचं, त्याच्या पाळ्या लावल्यात आम्ही. ऑगस्टात एकदा आठ वाजले तरी आवाज नाही, तर मी मीठ मागायच्या निमित्ताने जाऊन आले. गुडघा धरून बसले होते. तुझ्या त्या अकराव्या मजल्यावर यांचं कोण ऐकणार आहे? आणि आता भांडण पुरे, नीबाल्दोला परत बोलवा, माझं सारण आंबेल.

ते मीठ मला आठवतंय. मला वाटलं होतं, बाईंना माझ्याशी बोलायचं निमित्त हवंय.

नीबाल्दो बाराला परत आला, वाजवत, आणि बोतोन सुटला गाडीमागे. एम्पानादा पाचला झाल्या. आमच्याही घरी दोन आल्या, करपलेल्या.

संध्याकाळी यास्ना म्हणाली, पप्पा, तुम्ही इथेच राहा. मी विचारलं, म्हणजे पास? ती म्हणाली, पास बोतोन झाला. तुमच्यासाठी अख्खा जिना परीक्षेला बसला आणि पास झाला. आणि बोतोनला मी नेते. सारखा त्या गाडीमागे पळतो, एक दिवस चाकाखाली जाईल. शिवाय तुम्हाला नकोच आहे.

तिथे मी काहीतरी बोलायला हवं होतं. म्हणालो, ने. सुटलो.

२० सप्टेंबर, शुक्रवार.
सकाळी गेले. बोतोन पुढच्या सीटवर. मी हाक मारली नाही. मारली असती तर आला असता, हे भर रस्त्यात सिद्ध झालेलं आहे. सिद्ध झालेली गोष्ट पुन्हा कशाला करून बघायची?

२२ सप्टेंबर, रविवार.
जमीन कोरडी. पाव माझा, अव्होकाडो माझा. घर शाबूत. जिंकलोच आहे मी, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार.
नीबाल्दो वर आला, खांद्यावर काही नव्हतं. बोतोन कुठाय, म्हणाला. सांगितलं. बराच वेळ पायरीवर बसला. खिशातून कागदात बांधलेलं मांस काढलं आणि अर्धं मला दिलं. दोघांनी खाल्लं. गाडी खाली उभी होती, लोक हाका मारत होते. उठला नाही लवकर.

२८ सप्टेंबर, शनिवार.
यास्नाला पत्र पाठवायचंय. फोनवर माझं बोलणं भलतीकडेच जातं. आधी इथे कच्चं लिहितो.

प्रिय यास्ना,
पोचल्याचा तुझा फोन आला, त्यात कुत्र्याबद्दल अवाक्षर नाही. मी विचारणार नव्हतो, पण काही टेक्निकल गोष्टी तुला माहीत असायला हव्यात. लिफ्टमध्ये घाबरला तर ओढू नकोस, उचलून घे. बाल्कनीचं दार लावून ठेव. वाटाण्याएवढा तुकडा म्हणजे त्याच्या हिशेबाने माझ्या अंगठ्याएवढा. पलंगाखाली गेला तर बोलावू नकोस, जमिनीवर बस. वेळ लागतो, पण येतो. तिथे दारात बसतो का? कुठल्या दिवशी? कुणाची वाट बघतोय असं वाटतं का, हे नीट बघून लिही.

त्याचा कोर्स अर्धवट राहिलाय. अर्धवट शिकलेलं कुत्रं अडाण्यापेक्षा वाईट, हे मी अनुभवाने सांगतो. तेव्हा पंधरा दिवस येऊन मी तो पुरा करून द्यावा, असं मनात आहे. फार तर महिना. माझ्यासाठी नाही. मी इथे मजेत आहे. उबेर्लिंदाबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, जा एकदाचे, आम्हालाही सातनंतर झोपू द्या. पण तोंड फिरवून म्हणाल्या.

त्याला घेऊन जा असं मी म्हणालो होतो, ते लोकांसमोर म्हणालो होतो. तू लहानपणापासून माझा शब्द खरा धरतेस, ही तुझी जुनी खोड आहे.

मला लिफ्ट चालेल. फोन जवळच घेऊन बसलोय, वाजला की लगेच उचलेन. लवकर कळव.